डबीबाहेरचे नाणे

१/
अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एडिसन येथील जुन्या नाण्यांच्या एका दुकानात एक मराठी तरुण दोन वस्तू घेऊन उभा होता. एक होता निळ्या पुठ्ठ्याचा जाड अल्बम. त्याच्या गोल खाचांत चांदीचे ३१ डॉलर बसवलेले होते. दुसरे होते तपकिरी पाकीट. त्यात ३१ छापील चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर नाण्याचे वर्ष, टांकसाळीचे अक्षर, एक क्रमांक आणि दर्जा. दुकानदाराने अल्बम उघडला, भिंगातून चार-पाच नाणी पाहिली आणि पाकीट न उघडताच परत सरकवले. "चिठ्ठ्या खऱ्या असतील," तो म्हणाला, "पण या चिठ्ठ्या याच नाण्यांच्या, हे कशावरून?"

२/
अल्बम त्या तरुणाच्या दिवंगत काकांचा होता. काका १९७०च्या दशकात अभियंता म्हणून अमेरिकेत आले आणि रविवारच्या फावल्या वेळात चांदीचे डॉलर जमवू लागले. आता काकू घर विकून मुलीकडे राहायला जाणार होत्या आणि अल्बमची योग्य किंमत काढण्याचे काम पुतण्याकडे आले होते. दुकानदाराचा प्रश्न व्यवहाराचा होता, तरी पुतण्याला तो वेगळ्या ठिकाणी लागला. मराठीत "नावाला बट्टा लागणे" असे म्हणतात. बट्टा हा मुळात नाण्यांच्या बाजारातलाच शब्द. काकांनी पाकिटात जपलेल्या शब्दावर कोणीतरी बट्टा लावला, असे त्याला वाटले.

३/
तज्ज्ञ संस्थेने दर्जा ठरवून बंद डबीत घातलेले नाणे डबीतून बाहेर काढले, तर त्या दर्जावर कितपत विसंबावे? प्रश्न संग्राहकांचा वाटतो, पण त्याला किमान दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. रोमचे पेढीवाले, कैरोचे व्यापारी आणि पेशवाईतले पोतदार या सर्वांना तो पडला होता. आजचा धागा त्याच प्रश्नाचा.

४/
प्रथम नाण्याविषयी. अल्बममधील डॉलर "मॉर्गन डॉलर" या नावाने ओळखले जातात. जॉर्ज मॉर्गन या टांकसाळीतील कोरक्याने त्यांचा छाप घडवला. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये ते पाडले गेले. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के. मागील बाजूस, पुष्पमालेच्या गाठीखाली टांकसाळीचे अक्षर असते : सॅन फ्रान्सिस्कोसाठी "एस", न्यू ऑर्लिन्ससाठी "ओ", कार्सन सिटीसाठी "सीसी". फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर अक्षरच नाही. पाकिटातील निम्म्या चिठ्ठ्यांचे मोल या इवल्या अक्षरांवर अवलंबून होते.

५/
या डॉलरांपैकी असंख्य कधी बाजारात फिरलेच नाहीत. हजार-हजार नाण्यांच्या कापडी थैल्या भरून ते सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिले. १९१८च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले, तरी थैल्या उरल्याच. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या मोठ्या प्रमाणावर बाहेर आल्या, तेव्हा दिसले की एकदाही हाताळले न गेलेले नाणेसुद्धा निष्कलंक नसते. थैलीत नाण्यावर नाणे आपटून गालावर, कपाळावर बारीक ओरखडे उठतात. ते किती आणि कोठे, यावर आज एकाच वर्षाच्या दोन नाण्यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक पडतो. मग ते ओरखडे मोजायचे कोणी?

६/
मोजण्याची पट्टी दिली विल्यम शेल्डन यांनी. माणसांच्या शरीरयष्टीचे तीन प्रकार सांगणारे मानसशास्त्रज्ञ म्हणून ते अनेकांना परिचित आहेत. जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटचेही ते गाढे अभ्यासक होते. १९४९ मधील ग्रंथात त्यांनी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. तिच्यामागे बाजारभावाचे सरळ गणित होते : ओळख पटण्यापुरतेच उरलेले १७९४चे सेंट १ डॉलरचे धरले, तर निर्दोष सेंट ७० डॉलरचे. भाव लवकरच बदलले आणि गणित मोडले. आकडे मात्र टिकले. १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने साऱ्या अमेरिकन नाण्यांसाठी दर्जाची जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत हीच श्रेणी घेतली.

७/
पट्टी आली तरी ती धरणारा हात कोणाचा, हा वाद उरलाच. विकताना जे नाणे ६५, तेच विकत घेताना ६० ठरत असे. त्याच संघटनेने १९७२ मध्ये नाण्यांचा खरेखोटेपणा तपासणारी सेवा सुरू केली होती. १९७९ पासून ती दर्जाही सांगू लागली. नाण्यासोबत मिळे एक प्रमाणपत्र आणि त्यावर त्याच नाण्याचे छायाचित्र. नाणे मोकळे, साक्ष कागदावर. दोहोंची गाठ घालायची तर छायाचित्रातील ओरखडे नाण्यावर शोधायचे. पद्धत प्रामाणिक होती, परंतु छायाचित्रानंतर नाण्याला काय झाले, हे कागद सांगू शकत नव्हता.

८/
१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या खासगी संस्थांनी काम सुरू केले. त्यांनी नाणे आणि साक्ष एकाच पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डबीत बंद केली. एकाहून अधिक परीक्षक नाणे स्वतंत्रपणे पाहतात, अंतिम दर्जा ठरतो आणि डबी कायमची सांधली जाते. संग्राहकांच्या बोलीत ही "स्लॅब". ती फोडल्याशिवाय नाणे निघत नाही आणि फोडली की लपवता येत नाही. संस्थेची हमीसुद्धा डबी शाबूत असेपर्यंतच. न पाहिलेले नाणे दूर शहरात बसून विकत घेण्याची सोय यातून झाली.

९/
डबीचे मोल किती, याचे एक उदाहरण सरकारी आहे. तिजोरीत उरलेले कार्सन सिटीचे सुमारे २८ लाख डॉलर अमेरिकन सरकारने १९७२ ते १९८० या काळात कडक प्लास्टिकच्या पेट्यांत घालून विकले. पेटीवर दर्जाचा आकडा छापलेला नव्हता. तरीही आज सरकारी पेटीतले नाणे, पेटीतून काढलेल्या तशाच नाण्यापेक्षा बहुधा अधिक भावाने जाते. चांदी तीच, छाप तोच. अधिकचे पैसे मिळतात ते "हे तेथूनच आले" या वाक्याला.

१०/
आता दोन हजार वर्षे मागे. रोमन जगातील हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या लहान चौकोनी कांड्या संग्रहालयांत आढळतात. त्यांवर चार ओळी असतात : एका गुलामाचे नाव, त्याच्या धन्याचे नाव, "पाहिले" या अर्थाचा लॅटिन शब्द आणि दिनांक. त्या ग्लॅडिएटरांच्या असाव्यात, असे दीर्घकाळ मानले जाई. १९१९ मध्ये रुडॉल्फ हेर्त्सोग या जर्मन विद्वानाने त्यांचा खरा अर्थ मांडला. त्या नाण्यांच्या थैल्यांना बांधलेल्या होत्या. अमुक पारख्याने अमुक दिवशी ही नाणी तपासली, एवढीच ती ग्वाही. थैलीची गाठ सोडली की कांडी केवळ हाडाचा तुकडा. डब्यांतील चिठ्ठ्यांची ही आद्य पूर्वज म्हणता येईल.

११/
अकराव्या-बाराव्या शतकांतील कैरोतही हीच रीत दिसते. तेथील जुन्या सिनेगॉगच्या गेनिझा नावाच्या कोठडीत व्यापाऱ्यांची हजारो पत्रे सापडली. त्यांतून कळते की सोन्याचे दिनार सुटे मोजून देण्यापेक्षा मोहोरबंद पिशव्यांतून दिले जात. पिशवीवर रक्कम आणि मोहोर करणाऱ्याचे नाव असे. ती न उघडताच एका हातातून दुसऱ्या हातात जाई. मोहोर तुटलेल्या पिशवीतील दिनार खोटे ठरत नसत. फक्त ते पुन्हा तोलावे लागत, पुन्हा पारखावे लागत. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण एडिसनच्या दुकानातही तोच लागू होता.

१२/
महाराष्ट्रात हे काम पोतदार आणि सराफ करीत. पेशवाईत पुणे, चांदवड, बागलकोट अशा अनेक ठिकाणी टांकसाळी होत्या. अंकुशी, चांदोरी, मल्हारशाही असे रुपयांचे प्रकार बाजारात एकत्र फिरत आणि प्रत्येकाचा दर वेगळा. कस, वजन, झीज आणि टांकसाळ पाहून सराफ जी घट लावी, तो बट्टा. नाणे फरशीवर टाकून त्याचा नाद ऐकला जाई. "खणखणीत नाणे" हा वाक्प्रचार त्या नादाची आठवण आजही जागी ठेवतो. पारख करणारा समोर बसलेला असे आणि नाणे उघडे असे.

१३/
अनेक सराफ आणखी एक गोष्ट करीत. पारखलेल्या रुपयावर ते लहानसा ठसा मारीत. मोगल आणि मराठा रुपयांवर अशा चंद्रकोरी, फुले, टिंबे पुष्कळ दिसतात. रोमन पारख्याची साक्ष थैलीला बांधलेली होती. सराफाची साक्ष नाण्याच्या अंगावरच कोरलेली होती आणि ती नाण्यापासून तुटू शकत नव्हती. काळाचा विनोद असा की आजचे परीक्षक त्याच ठशाला बहुधा दोष मानतात. एका काळी ज्याने नाण्यावरचा विश्वास वाढवला, त्यानेच आता दर्जा घटतो. आधुनिक संग्राहकाला साक्ष हवी असते. नाण्याला स्पर्श न करणारी हवी असते. म्हणून डबी.

१४/
मग लोक डबी फोडतात कशासाठी? काकांचे कारण साधे होते. स्लॅब अल्बमच्या खाचेत मावत नाही आणि त्यांना सर्व वर्षे एका पानावर ओळीने पाहायची होती. त्यांनी १९९०च्या दशकात डबीबंद डॉलर घेतले, एकेक डबी फोडली, नाणे खाचेत बसवले आणि चिठ्ठी पाकिटात ठेवली. असे करणारे संग्राहक थोडे नाहीत. नाणे हाती धरण्यासाठी असते, प्लास्टिकमागून पाहण्यासाठी नव्हे, अशी त्यांची धारणा असते. ती चुकीची ठरवता येत नाही.

१५/
दुसरे कारण व्यापारी आहे. परीक्षकाचे मत हे शेवटी मतच असते. ६४ आणि ६५ यांच्या सीमेवरचे नाणे आज इकडे, उद्या तिकडे झुकू शकते आणि कित्येक नाण्यांत या एका अंकाने किंमत दुप्पट होते. म्हणून व्यापारी डबी फोडून तेच नाणे पुन्हा पुन्हा तपासणीला पाठवतात. जुन्या चिठ्ठ्या संस्थेला परत केल्या नाहीत, तर तेच नाणे नोंदवहीत दोनदा-तीनदा मोजले जाते. "या दर्जाची इतकी नाणी ज्ञात" हा आकडा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

१६/
तेव्हा सुट्या नाण्याबरोबर चिठ्ठी पुढे आली की तीन शंका उभ्या राहतात. चिठ्ठीतले नाणे हेच का? हेच असेल, तर ते अजून त्याच स्थितीत आहे का? आणि स्थिती तीच असेल, तर मुळातले मत बरोबर होते का? बंद डबी पहिल्या शंकेचे निरसन करते, दुसरीचे बव्हंशी करते. तिसरीचे कधीच पूर्णपणे करत नाही. दुकानदाराने विचारली होती ती पहिली शंका. पुतण्याने ती काकांच्या सचोटीविषयीची मानली. वास्तविक ती केवळ एका तुटलेल्या दुव्याविषयीची होती.

१७/
पहिली शंका किती खरी ठरू शकते, याचा दाखला स्वतः शेल्डन यांच्या आयुष्यात आहे. जॉर्ज क्लॅप या संग्राहकाने आपले उत्तम सेंट १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दिले होते. शेल्डन १९७७ मध्ये वारले. पुढे उघड झाले की त्यांनी त्या संग्रहातील सरस सेंट काढून त्यांच्या जागी आपल्याकडील हिणकस सेंट ठेवले होते. पाकिटे तीच, नोंदी त्याच. आतले नाणे वेगळे. जुन्या छायाचित्रांशी आणि वर्णनांशी ताडून अदलाबदल सिद्ध करावी लागली. १९९६ मध्ये हे प्रकरण कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढेही आले. ज्याने जगाला दर्जाची पट्टी दिली, त्यानेच नाणे आणि नोंद यांची फारकत केली होती.

१८/
तिसऱ्या शंकेचा, म्हणजे तज्ज्ञाच्या चुकीचा, दाखला १९१३च्या "लिबर्टी" निकेलचा. अशी केवळ पाच नाणी ज्ञात आहेत. त्यांपैकी एकाचे मालक जॉर्ज वॉल्टन ९ मार्च १९६२ रोजी मोटार अपघातात मरण पावले. त्यानंतर तज्ज्ञांनी ते नाणे पाहून वर्षाचे आकडे बदललेले बनावट ठरवले. कुटुंबाने ते टाकून दिले नाही. वॉल्टन यांच्या बहिणीच्या कपाटात ते दशकानुदशके पडून राहिले. २००३ मध्ये बाल्टिमोरच्या प्रदर्शनात उरलेली चारही नाणी एकत्र येणार होती. कुटुंबाने आपले नाणे तेथे नेले. सहा तज्ज्ञांनी ते रात्री चार भावंडांशेजारी ठेवून पाहिले आणि एकमताने अस्सल ठरवले. एप्रिल २०१३ मध्ये ते ३१,७२,५०० डॉलरना विकले गेले.

१९/
येथे एक बारकावा आहे. १९६२ मध्ये बोलणारे तज्ज्ञच होते आणि २००३ मध्ये बोलणारेही तज्ज्ञच. फरक अधिकाराचा नव्हता, तुलनेचा होता. दुसऱ्या वेळी अस्सल नाणी शेजारी होती आणि साम्य कोठे शोधायचे हे ठाऊक होते. मुळातला निर्णय एखाद्या डबीवर छापलेला असता, तर तोही तितकाच ठाम दिसला असता. छापील अक्षरांत संकोच दिसत नाही.

२०/
पुतण्या घरी परतला तेव्हा त्याने पाकीट बाजूला ठेवले आणि प्रथमच नाण्यांकडे पाहिले. सर्वांत मोलाचे होते १८९३-एस. सॅन फ्रान्सिस्कोत त्या वर्षी केवळ १ लाख डॉलर पाडले गेले, मालिकेतील चलनी नाण्यांत सर्वांत कमी. म्हणून १८९३च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर "एस" चिकटवून केलेली लबाडी जुनी आहे. परंतु चलनासाठीचे सारे अस्सल १८९३-एस दर्शनी बाजूच्या एकाच साच्यातून उतरलेले. त्या साच्यावरील एका ओरखड्यामुळे लिबर्टी या शब्दातील "टी"च्या माथ्यावर तिरकी, उंचावलेली बारीक रेघ उमटते. "एस" चिकटवता येतो. ती रेघ आणणे फार कठीण.

२१/
दिव्याखाली नाणे कलते धरून, भिंग डोळ्याशी लावून तो बराच वेळ बसला. मुकुटपट्टीवरील अक्षरे झिजलेली होती. अखेर प्रकाश एका विशिष्ट कोनातून पडला आणि "टी"च्या माथ्यावर ती रेघ केसासारखी उजळली. या नाण्याविषयी कोणत्याही चिठ्ठीशिवाय त्याला कळलेली ही पहिली गोष्ट. चिठ्ठीवर व्हीएफ-३० लिहिले होते. ते ३० आहे की २५, हे त्याला सांगता आले नसते. ते अस्सल आहे, हे मात्र आता त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले होते.

२२/
त्याने सर्व नाण्यांची वजने केली आणि दोन ढीग पाडले. सव्वीस डॉलर सामान्य वर्षांचे होते. त्यांच्या तपासणीचे शुल्क परवडणारे नव्हते. ते जसे दिसतात तसे विकायचे आणि चिठ्ठ्या मागितल्या तर दाखवायच्या, पण त्यांवर भाव मागायचा नाही, असे त्याने ठरवले. उरलेली पाच त्याने एका संस्थेकडे नव्याने तपासणीला पाठवली : १८९३-एस, १८८९-सीसी, १८८५-सीसी, १८९२-एस आणि १८७९-सीसी. जुन्या चिठ्ठ्या मुद्दाम सोबत दिल्या नाहीत. कैरोच्या व्यापाऱ्याने तुटलेल्या मोहोरेनंतर जे केले असते, तेच हे होते.

२३/
काही आठवड्यांनी पाचही नाणी नव्या डब्यांतून परतली. पाचही अस्सल. १८७९-सीसीचा दर्जा जुन्या चिठ्ठीइतकाच आला. १८९२-एस ४० वरून ४५ वर चढले. १८९३-एस ३० वरून २५ वर उतरले. अल्बममध्ये स्वस्थ बसलेले नाणे पाच अंशांनी झिजत नाही, तेव्हा हा फरक दोन काळांतील दोन डोळ्यांचा. १८८५-सीसी ६५ वरून ६४ झाले. त्याच्या गालावर एक पुसट बोट उमटले होते. ते बहुधा काकांचेच. पुतण्याने ती डबी उजेडात फिरवून तो ठसा बराच वेळ पाहिला.

२४/
पाचवे नाणे, १८८९-सीसी, जुन्या चिठ्ठीवर एक्सएफ-४५ होते. नव्या चिठ्ठीवर अंकच नव्हता : अस्सल, पण घासून साफ केलेले. चांदीवर काळानुसार एक काळसर थर चढतो. तो घासून काढला की थराबरोबर पृष्ठभागाचा सूक्ष्म पोतही जातो आणि समांतर रेघांचे जाळे मागे राहते. ते कशानेही भरून येत नाही. जुन्या परीक्षकाच्या नजरेतून हे निसटले होते, की डबीतून निघाल्यानंतर कोणी नाणे घासले होते? काका हयात असते तर सांगू शकले असते.

२५/
उत्तर काकूंनी दिले, तेही न विचारता. नव्या डबीतले नाणे पाहून त्या म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं लक्ष्मीपूजनाचं. किती काळं पडलं होतं! दर दिवाळीला मी रांगोळीच्या पुडीनं लख्ख घासायचे. यांना सांगितलं नव्हतं कधी. पूजा झाली की परत त्या वहीत बसवून टाकायचे." महाराष्ट्रातील कित्येक घरांत चांदीची भांडी अशीच घासली जातात, त्यात वावगे काहीच नव्हते. नव्या दर्जानुसार त्या नाण्याची किंमत मात्र काही हजार डॉलरनी खाली आली होती. पुतण्याने क्षणभर विचार केला आणि आकडा त्यांना सांगितला. घर विकायला निघालेल्या माणसापासून तो लपवणे त्याला रुचले नाही.

२६/
काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे यांनी आणलं ते चांगलंच होतं ना?" जुनी चिठ्ठी पाकिटातच होती. ती बाजारात निरुपयोगी होती. या प्रश्नापुरती ती एकमेव साक्ष होती. "चांगलंच होतं, काकू," तो म्हणाला. काका फसले नव्हते आणि त्यांनी कोणाला फसवलेही नव्हते. चिठ्ठीने त्या दिवशीचे खरे सांगितले होते. त्यानंतर वीस-पंचवीस दिवाळ्या झाल्या होत्या, एवढेच.

२७/
सुटे नाणे हाती आले तर इतिहासाच्या अभ्यासकाने काय करावे? प्रथम चिठ्ठी झाकून नाणे पाहावे : वजन, व्यास, अक्षरे, साच्याच्या खुणा, झीज, घासल्याच्या रेघा. त्यानंतर चिठ्ठी वाचावी, एका विशिष्ट दिवशीची साक्ष म्हणून. छायाचित्र असेल तर ओरखड्याला ओरखडा जुळवावा. नुसता क्रमांक संकेतस्थळावर सापडला तर क्रमांक खरा आहे एवढेच कळते, कारण बनावट डब्यांवर खरे क्रमांक छापले जातात. शिवराई असो, होन असो वा डॉलर, पैसे मोजण्यापूर्वी हा क्रम पाळावा. आणि जुने नाणे घासू नये.

२८/
तीस डॉलर विकले गेले. दुकानदाराने चार नव्या डब्यांचा भाव दिला आणि सव्वीस सुटी नाणी एकेक पारखून स्वतःच्या अंदाजाने घेतली. त्यातील बहुतेकांचा त्याचा अंदाज काकांच्या चिठ्ठ्यांपासून फार दूर नव्हता. १८८९-सीसी काकूंनी विकू दिले नाही. पुतण्याने ती डबी त्यांच्यासमोरच फोडली आणि नाणे त्यांच्या हातात दिले. ते आता मुलीच्या घरी देव्हाऱ्यात आहे. यंदा ते घासायचे नाही, नुसते कापडावर ठेवायचे, असे ठरले आहे.

(धागा समाप्त)
#नाणेशास्त्र #इतिहास #मराठी